बेडकाचे दात

श्रावणातल्या उन्हात सड्याला, त्या उघड्या खडकाळ पठाराला, ओल्या कातळाचा तांबूस वास येतो. खळग्या-खळग्यांतून आभाळ साठलेले, कडेने सीतेची आसवे या इवल्या फुलांची निळाई पसरलेली. रत्नागिरीबाहेरच्या अशाच एका सड्यावर मी शाहिदा मॅडमना घेऊन गेले होते. कॉलेजात त्यांनी मला प्राणिशास्त्र शिकवले. पुढे मी दंतवैद्य झाले आणि त्यांच्या खालच्या जबड्यातले उरलेसुरले दात काढण्याची वेळ माझ्यावरच आली. कवळी हिरडीवर ठरेना, शब्द घसरू लागले, आणि ज्या वाणीने अख्खा वर्ग भारून जाई ती मॅडमनी लाजेने जवळजवळ मिटूनच टाकली.

काकडीच्या मळ्याला कुणीतरी मासेमारीच्या जुन्या जाळ्याचे कुंपण केले होते. त्यात एक भलामोठा बेडूक धडपडत होता. नायलॉनचा धागा त्याच्या तोंडात शिरून गुंतला होता. मी ओढायला वाकले, तशा मॅडम ओरडल्या, "ओढू नकोस! आधी हात ओले कर. कातडीनंही श्वास घेतो गं तो."

हात भिजवून मी त्याला अलगद धरले.

"आता वरच्या ओठाच्या आतून बोट फिरव. लागले दात?"

लागले. पॉलिश कागदासारखी बारीक, अद्भुत खरखर.

"आणि खाली?"

"खाली एकही नाही, मॅडम."

"नसतातच. वरचेही चावायला नाहीत, भक्ष्य धरायला आहेत. टोकं आत वळलेली असतात. धागा आधी आत ढकल, मग सोडव."

धागा सुटला. बेडूक पाण्याकाठी जाऊन बसला आणि जरा वेळाने त्याने एक गांडूळ पकडले. गिळताना त्याचे ते सोनेरी, टपोरे डोळे आत बुडाले. "डोळ्यांनी घास ढकलतोय बघ," मॅडम म्हणाल्या. आणि मग बोलतच राहिल्या. शब्द घसरत होते, पण त्या थांबत नव्हत्या.

इतकी वर्षे माणसांच्या तोंडांत मी उणे तेवढेच शोधत आले होते. इथे तर एक साधासा देह, नसलेल्याची खंत न करता, पाहण्याच्या इंद्रियालाही गिळण्याच्या कामाला लावत होता.

मळ्यातून एक बाई काकड्यांची पाटी घेऊन आली. "काय बघताय ओ एवढं?" तिने विचारले.

मी उत्तर द्यायला तोंड उघडले, तोवर मॅडम तिच्याकडे वळल्या होत्या. आणि त्या अनोळखी बाईला त्यांनी बेडकाच्या जबड्याची सगळी हकीकत पहिल्यापासून सांगायला घेतली.