दहाला बसणारी बिल्डिंग

आधीच सांगते, हात वर करणाऱ्यांत मीही होते. वीस वर्षं सातवीला भूगोल शिकवतेय. ‘उंचावर जावं तसा हवेचा दाब कमी होतो’ हे वाक्य मला झोपेतून उठवलं तरी फळ्यावर लिहिता येईल. तरीही आमची बिल्डिंग खाडीत खचतेय असा ठराव आला तेव्हा मी, मंदाकिनी चित्रे, दुसरा मजला, मुकाट्याने हात वर केला. त्यामुळे हरिहर टिपणीसला हसायचा मला काही हक्क नाही. तरी हसणार आहे.

हरिहर माझ्या समोरच्या दारात राहतो. माझ्याहून पाच वर्षांनी लहान, म्हणून अरे-तुरे. ठाण्यात एका सरकारी कचेरीत कारकून, आणि घरी आला की सोल्डरिंग आयर्न हातात. लॅमिंग्टन रोडवरून पुड्या भरभरून इलेक्ट्रॉनिक सामान आणायचा आणि काही ना काही जोडत बसायचा. एक बेल केली, ती कोणी रेडिओ लावला की वाजायची. पाऊस आल्याची सूचना देणारं यंत्र केलं, ते प्रमोदिनीने फरशी पुसली की बोंबलायचं. प्रमोदिनी म्हणजे त्याची बायको. ती म्हणायची, “मंदाताई, यांचं एक यंत्र तरी धड चालू दे, मी सत्यनारायण घालीन.” गेली बारा वर्षं पूजा लांबणीवर होती.

त्र्याण्णवच्या डिसेंबरात त्याच्या मेव्हण्याने अमेरिकेहून नखाएवढा एक सेन्सर आणला. हवेचा दाब मोजणारा. दाबावरून उंची काढता येते, म्हणून हरिहरने त्याला लाल आकडे दाखवणारा डबा जोडला. एका रविवारी दुपारी चार वाजता सगळ्यांना तळमजल्यावर गोळा केलं. सुमतीमावशी कर्णिकांच्या दारात डबा ठेवून बटण पिळलं, आकडा शून्य. जिना चढून आपल्या दारात आला, आकडा सहा. सहा मीटर! अगदी बरोबर! टाळ्या पडल्या. सुमतीमावशींनी त्याच्या हातावर नारळाची वडी ठेवली, आणि प्रमोदिनीचे डोळे भरून आले. खोटं कशाला सांगू, माझेही आले.

दुसऱ्या दिवशी त्याने रजा टाकली होती. सकाळी दहाला त्याच दारात डब्यात आकडा होता उणे एकोणीस.

म्हणजे आम्ही रात्रीतून पंचवीस मीटर खाली गेलो होतो. खिडकीबाहेर तोच रस्ता, तोच पानवाला, तोच त्याचा उधारी बंदचा बोर्ड. अशिक्षित माणसाने डोळ्यांवर विश्वास ठेवला असता. आम्ही पडलो शिकलेले, आम्ही आकड्यावर ठेवला. सेक्रेटरी मधु फणसे तिसऱ्या मजल्यावरून खाली आले, चष्मा कपाळावर चढवून डब्याकडे बघितलं आणि म्हणाले, “दशांशचिन्ह चुकलंय तुझं. मीटर नाहीत हे, मिलिमीटर आहेत. पंचवीस मिलिमीटर खचलीय बिल्डिंग. जिन्यातली भेग बघितलीस ना?”

भेग बांधल्या दिवसापासून होती. पण त्या दिवशी ती सगळ्यांना रुंद दिसली. हरिहरची बारा वर्षं दशांशचिन्हं चुकवण्यात गेलेली, त्यामुळे त्याने लगेच मान डोलावली. चार वाजता आकडा पुन्हा सहावर आला, तेव्हा तर फणसे हर्षाने ओरडलेच, “भरती! ओहोटीला बसते, भरतीला उठते!” कोणीतरी बंदरावर जाऊन बघून आलं होतं. सकाळी दहाला खाडीत चिखल होता आणि आता काठोकाठ पाणी. एकदा जुळलं, झालं. पुन्हा बंदरावर जायची तसदी कोणी घेतली नाही. ठाणे पूर्वेला कोपरीत आमची सोसायटी, नाव ‘खाडीदर्शन’, पण खाडीचं दर्शन गच्चीवर टाकीवर चढल्याशिवाय होत नाही, आणि टाकीवर चढणार कोण?

सभा झाली, ठराव झाला. ‘इमारत खाडीच्या भरती-ओहोटीनुसार खालीवर होत असल्याने चौकशी समिती नेमावी.’ सर्वानुमते. हात वर.

त्या संध्याकाळी सुमतीमावशींनी हरिहरला दारात थांबवलं. बहात्तर वर्षांची बाई, नवरा गेल्यापासून तळमजल्यावर एकटी, बिरड्याचे वाल सोलत सगळ्या बिल्डिंगची खबर ठेवणारी. मुलगा पुण्याला. तो कधीपासून ये म्हणत होता आणि या जात नव्हत्या. त्यांनी विचारलं, “हरी, तुझं यंत्र खरं बोलतं का रे?”

“मावशी, यंत्र कधी खोटं बोलत नाही,” हरिहर म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला असं काही म्हणता येत होतं हो!

शनिवारी मावशी एक बॅग घेऊन मुलाच्या गाडीत बसल्या. दाराला कुलूप लावताना तीनदा ओढून बघितलं. मला म्हणाल्या, “हरीने सांगितलं नसतं तर नसते गेले बघ.” हरिहर मागेच उभा होता. त्याने डबा मात्र बंद केला नाही. आलेख काढत बसला, रोजचा; तो कचेरीत असला की आकडे प्रमोदिनी लिहून ठेवायची.

महिन्यावर आठवडा गेला. एका सुट्टीच्या सकाळी मालू पाटी घेऊन आली. मालू म्हणजे आमची कोळीण, तिची आई माझ्या सासूला मासे द्यायची. मी बोंबील बघत होते, प्रमोदिनी कोलंबीवरून घासाघीस करत होती आणि हरिहर डब्यात बघून म्हणाला, “दहा वाजले. बसली बघा.”

“काय बसली?” मालूने विचारलं.

“बिल्डिंग. ओहोटीला रोज दहाला बसते, चारला उठते.”

मालूने कोयता खाली ठेवला. “रोज धाला?”

“रोज. महिनाभर लिहून ठेवलंय.”

“अवो भाऊ, भरती काय रोज एकाच टायमाला येते? पुनवेला बाराला, अष्टमीला सहाला. रोज पाऊण तास पुढं सरकते ती. आता या घडीला खारी पान्यानं भरलेली हाय, मी तिथूनच आलेय. ही धाला बसते नि चारला उठते, ही खारी नाय बाय. ही कुठं तरी सरकारी नोकरीला हाय.”

प्रमोदिनी कोलंबी हातात धरून इतकी हसली की दोन खाली पडल्या. हरिहर हसला नाही. तो माझ्याकडे बघायला लागला, म्हणजे भूगोलाकडे. मी आत जाऊन बी.एड.च्या वेळचं जुनं पुस्तक काढलं. होतं त्यात. आपल्याकडे हवेचा दाब रोज सकाळी दहाच्या सुमाराला वाढतो आणि दुपारी चारच्या सुमाराला उतरतो, उन्हाच्या तापण्या-निवण्याने. समासात माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘परीक्षेला नाही’.

हवा जड झाली की यंत्राला वाटायचं आपण खाली आलो. बिल्डिंग जागच्या जागी होती. दशांशचिन्हही जागेवर होतं. कर्म आमचं! बातम्यांत ‘कमी दाबाचा पट्टा’ ऐकून आम्ही छत्र्या शोधतो, पण हा दाब आपल्या कोपरीतही असतो, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

“म्हणजे यंत्र बरोबर होतं,” हरिहर हळूच म्हणाला. “आणि मी मावशींना घराबाहेर काढलं.”

तो तडक फणशांकडे गेला. मला वाटलं, ठराव रद्द होईल. फणसे म्हणाले, “बिल्डिंग खचत नाही हा नवा विषय झाला. त्याला चौदा दिवसांची नोटीस लागते. आणि समितीवर मी आहे, समितीने अजून बैठकच घेतली नाही, तिचं मत आधीच कसं ठरवणार?” जन्मात कोणाला उलट न बोललेला हरिहर त्यांच्यावर ओरडला, “मग घाला चुलीत तुमची समिती!” आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डबा पिशवीत घालून पुण्याच्या एस.टी.त बसला. मीही गेले. हात वर केला होता ना मी.

मावशी कोथरूडला गॅलरीत बसलेल्या. वाळल्या होत्या. पुढ्यात वर्तमानपत्र, तेही कालचं. आम्हाला बघून आधी आनंदल्या आणि मग घाबरल्या. “पडली का रे बिल्डिंग?”

हरिहरने सगळं सांगितलं. मान खाली घालून, एक शब्द न लपवता. मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की मी दचकले. “मेल्या! महिनाभर मी इथे भिंती मोजतेय! सकाळी आठला मुलगा-सून दोघं जातात, संध्याकाळी आठला येतात, दिवसभर बोलायला कुत्रं नाही!” बोलता बोलता रडू फुटलं त्यांना. हरिहरही रडला. मग डोळे पुसून त्यांनी पिशवीकडे बोट दाखवलं. “काय म्हणतंय ते आता?”

“पाचशे पंच्याहत्तर.”

“मिलिमीटर?”

“नाही मावशी. मीटरच.”

“एवढ्या उंचावर आणून ठेवलंस मला? चल, खाली ने.”

मुलाला ऑफिसात फोन केला. तो खूप बोलला. मावशी नुसत्या “हो” म्हणत होत्या आणि एका हाताने बॅग भरत होत्या. घर त्यांच्या नावावर, किल्ली त्यांच्या कमरेला, त्यामुळे “हो” म्हणायला त्यांचं काही जात नव्हतं. एस.टी.त डबा मांडीवर घेऊन बसल्या. घाटात आकडा भराभर उतरायला लागला तशा प्रत्येक वळणावर मोठ्याने वाचत होत्या, आणि खोपोलीला साठ आल्यावर शेजारच्या अनोळखी बाईला म्हणाल्या, “आता जवळ आलं आमचं.” शीळफाट्याला तर त्यांनी केस नीट केले.

दिवेलागणीला कोपरीत पोचलो. त्यांच्या दारात आकडा होता उणे बारा. हरिहर खुलासा करायला लागला तर म्हणाल्या, “बारा तर बारा. धर ही बॅग.”

कुलूप निघालं तेवढ्यात मधु फणसे जिन्यावरून आले, हातात टाईप केलेला कागद. “मावशी, समितीचा निर्णय होईपर्यंत तुम्ही स्वतःच्या जबाबदारीवर राहताय असं लिहून द्यावं लागेल. इमारत खचली तर सोसायटी जबाबदार नाही. इथे सही.”

मावशींनी कागद वाचला. मागून-पुढून, सावकाश. मग विचारलं, “मधु, तू कितव्या मजल्यावर रे?”

“तिसऱ्या.”

“मग खचली तर मी तुझ्या डोक्यावर पडणार की तू माझ्या? सही तू कर.” आणि कागद त्यांच्या हातात देऊन त्या आत गेल्या, दिवा लावायला.

फणशांनी खिशातून पेन काढलं आणि सही नेमकी कुठे करायची ते बघायला लागले.