नुसतं ‘हो’ चालत नाही

बाळांनो, काल फोनवर मी “गाडीत पट्टा लावता ना?” असं विचारलं आणि तुम्ही दोघं नुसतं “हो” म्हणालात, म्हणून आज आमच्या ऑटोवाल्या चाचांबद्दल लिहिते.

वाशीमला येण्याआधी ते मालवाहू जहाजावर आचारी होते. त्यांचं जहाज दुसऱ्या जहाजावर आदळलं आणि त्यांचे सोबती बुडाले. “वायरलेसवर एकानं विचारलं, दुसरा ‘हो’ म्हनला. वळनार कोन, हे कोनीच बोललं नाई,” एवढंच ते सांगत. त्यांनी “मॅडम, हात आत घ्या” म्हटलं की मी “हात आत घेतला” असं म्हटल्याशिवाय ऑटो हलत नसे.

एकदा कठडा नसलेल्या अरुंद पुलाशी समोरून ट्रॅक्टर आला. ऑटोत मी आणि शाळेची पोरं होतो. चाचांनी हाक दिली, “तू थांबतं का मी थांबू?”

“हो.”

“हो काय? मी तुया निकाह लावून राह्यलो का? नीट सांग.”

ट्रॅक्टरवाला हसला. “मी थांबतो चाचा, तुमी या.”

“तू थांबतं, मी येतो,” चाचा म्हणाले. मागून सगळ्या पोरांनीही तेच एका सुरात म्हटलं, आणि मीसुद्धा.

चाचांनी आता ऑटो विकली आहे. आमच्या गल्लीतली पोरं मात्र अजून पूर्ण वाक्यातच उत्तर देतात.