रोज्याच्या पानावरचं नाव

बाबा गेले त्या सकाळी मी केंब्रिजहून वॉटफर्डला घरी आले. दफन दुसऱ्याच दिवशी होतं. आमच्यात उशीर करत नाहीत. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. घरात मराठी, प्रार्थना हिब्रूत. घरात कुणालाच न कळणारी ती भाषा मी पुढे हट्टाने शिकले आणि ग्रंथालयात जुन्या हिब्रू पुस्तकांच्या नोंदी करण्याच्या कामाला लागले.

काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, फोनवर सगळ्यांना वेळ कळवत होते. मला पाहून म्हणाले, "दादाचं प्रार्थनेचं पुस्तक शोध गं. पार फाटलंय. उद्या त्याच्याबरोबरच ठेवू."

जीर्ण झालेलं पवित्र पुस्तक आम्ही टाकत नाही. माणसासारखं पुरतो, शक्यतो कुणाच्या तरी कबरीत.

पुस्तक पलंगाशेजारी होतं. ॲमस्टरडॅमचा छापा, बगदादी व्यापाऱ्यांकडून कधीतरी मुंबईला आलेला, असं बाबा सांगायचे. लहानपणापासून मी ते पाहत होते, पण कामाच्या नजरेने कधीच नाही. हातात घेतलं तसं ते आपोआप एका पानावर उघडलं. बिरड्याच्या रोज्याचं पान. जेरुसलेमचं मंदिर पाडलं गेलं त्या दिवसाचा हा उपास. तो सोडताना आमच्याकडे जमिनीवर बसून वालाचं बिरडं खातात, म्हणून हे नाव.

त्या पानावर विलाप हवा होता. विलाप होताही, पण मध्येच एक लहानशी प्रार्थना होती: आज राजा जन्मला, आज रडू नका. ओळींची पहिली अक्षरं जरा जाड छापलेली. मी ती वरून खाली वाचली, एक नाव तयार झालं आणि मी पलंगावर बसले.

ते नाव मला माहीत होतं. सतराव्या शतकात एका माणसाने स्वतःला मसीहा म्हणवलं, आणि देशोदेशीचे ज्यू त्याच्यामागे गेले. सुलतानाने पकडल्यावर त्याने जीव वाचवायला धर्म बदलला. बहुतेकांनी त्याला सोडलं, त्याला मानणं पाखंड ठरलं. काहींनी नाही सोडलं. त्यांनी त्याचं नाव प्रार्थनेच्या पुस्तकांत लपवलं. त्याचा जन्म शोकाच्याच दिवशी झाला असं ते मानत, म्हणून तो दिवस घराघरात गुपचूप सणासारखा पाळत. अशी पुस्तकं मी कामावर हाताळली आहेत, हातमोजे घालून, टेबलाच्या अलीकडून.

पानाच्या कडेला बोटाचा तेलकट डाग होता.

मग आठवलं. त्या रोज्याला दुपारी बाबा स्वयंपाकघराचं दार लोटून घेत. एकदा मी आत डोकावले. ते उभ्याउभ्या चिकाचा हलवा खात होते. तो तर आमच्याकडे नवीन वर्षाला करतात. "डायबेटिस आहे ना मला," ते म्हणाले, "उपास चालत नाही." तेव्हा मला ते पटलं होतं.

सुतकात आरसे झाकायची आमची रीत, आई आरशावर चादर बांधत होती. मी विचारलं, "बाबा हे पान रोज वाचायचे का गं?"

"मला कुठे हिब्रू वाचता येतं?" मागे न वळता ती म्हणाली. "काकांना देऊन टाक ते."

मी बोलले असते तर पुस्तक कुणी कबरीत जाऊ दिलं नसतं. आणि जन्मभर सिनेगॉगच्या पहिल्या रांगेत बसलेले बाबा दफनाआधीच सगळ्यांच्या तोंडी आले असते. नाही बोलले, तर ते नाव कायमचं त्यांच्या उशाशी. मी पुस्तक रुमालात गुंडाळून काकांना दिलं.

दुसऱ्या दिवशी विधी आटोपून हजान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, गाडीकडे गेले. आम्ही दहाबारा जण कबरीपाशी थांबलो. काकांनी रुमाल सोडला. "दादाचं आवडतं काहीतरी वाचतो."

"काका, नको. पानं सुटतील."

"अगं, आता सुटून काय बिघडणार आहे?"

पुस्तक त्यांच्याही हातात त्याच पानावर उघडलं. काका हिब्रू घडाघडा वाचतात. अर्थ त्यांना कळत नाही, आमच्यातल्या बहुतेकांसारखाच. त्यांनी सूर लावला आणि आज राजा जन्मला, आज रडू नका, असं वाचत गेले. मागे उभे असलेले सगळे प्रत्येक ओळीला आमेन म्हणत होते.

मी आईकडे पाहिलं. तिचे ओठ हलत होते. ती काकांच्या मागून म्हणत नव्हती. ती त्यांच्या एक शब्द पुढे होती.