मास्तरचा उजवा कान

लग्नाचा हंगाम संपला की आमच्या बँडचे लाल कोट डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेत जायचे. किस्से मात्र ट्रंकेत मावत नाहीत. चहाच्या टपरीवर चार बँडवाले भेटले की एखादा म्हणतो, "ती घोडी आठवते का बे?" अन् झालं! मग दुपार तिथंच जाते. बायको म्हणते, "तुमच्या वराती संपल्या, पण तुमचं वाजणं काही संपलं नाई!"

मी प्रल्हाद. पांढुर्ण्यात शिवणकाम करायचो अन् हंगामात क्लॅरिनेट वाजवायचो. ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली. आमचे मास्तर होते भाऊराव. शाळेचे मास्तर नाही, बँडचे! माणसाचा कान असा, की एवढ्या गलक्यात कोणाचा सूर उतरला ते मागं न पाहता सांगायचे. बहुतेक माझाच उतरायचा, ते सोडा.

* * *

तो कान गेला बोरगावच्या एका वरातीत. म्हणजे एक गेला.

पोट्ट्यांनी सुतळी बॉम्ब लावला अन् वरून तेलाचा रिकामा पिपा पालथा घातला. मास्तर डोळे मिटून अंतरा वाजवून राहिले होते. पिपा उडाला झाडावर, अन् मास्तर बसले रस्त्यावर!

नागपूरच्या डॉक्टरनं नळी घालून पाहिलं अन् सरळ सांगितलं, "डावा कान गेला. तो आता परत येत नसतो. उजवा सांभाळा. तोही गेला तर बँड विसरा. फटाका फुटतो तिथून दूर राहायचं, अन् कानात नुसता कापूस नाही, मेण लावून घट्ट बोळा घालायचा."

आम्ही सगळे चिंतेत. मास्तरचा कान म्हणजे आमच्या दहा घरांची चूल. मी भीत भीत विचारलं, "मास्तर, डाव्या कानानं काहीच येत नाई का?"

"येते ना! तवापासून कुकरची शिट्टी वाजून राहिली," मास्तर म्हणाले, "पण भात काही शिजत नाई बे!"

* * *

मास्तरला एकच पोरगी, कल्पना. बापापेक्षा बापाच्या कानाची काळजी तिलाच जास्त. तिनं घरचा कापूस पिंजून, मेणात घोळवून, बोळे तयार केले. बापासाठीच नाही, सगळ्या बँडसाठी! वरात निघाली की बोळे आत, अक्षता पडून शेवटचा बॉम्ब फुटला की बाहेर, असा तिचा कायदा. ढोल तर पोटातूनच कळतो, त्यामुळे ताल काही चुकत नव्हता.

अन् खरं सांगू? तो माझा सुखाचा काळ होता. मास्तरच्या कानात बोळा, मी मनात येईल तसं वाजवायचो. मोठी चैन!

* * *

बोळ्यांनी पहिला दणका दिला सौंसरच्या एका लग्नात.

शेवटचं 'सावधान' झालं की बँड वाजला पाहिजे. पण कान बंद, कळणार कसं? म्हणून झांजवाला सुखदेव बिनबोळ्याचा मंडपात उभा राहायचा. शेवटचं 'सावधान' ऐकू आलं की त्यानं हात वर करायचा अन् आम्ही सुटायचं. पद्धत पक्की होती.

त्या दिवशी एका भल्या माणसानं सुखदेवच्या मुठीत अक्षता दिल्या. कोणत्याच बँडवाल्याला कधी कोणी अक्षता दिल्या नव्हत्या. सुखदेव हरखला! दुसरं मंगलाष्टक संपलं, सगळ्यांनी अक्षता टाकल्या, सुखदेवनंही हात वर करून टाकल्या.

आम्ही सुटलो! बाहेर पोट्ट्यांनी बॉम्ब लावले. अंतरपाट धरणारे मामा दचकले, अंतरपाट खाली पडला, नवरीनं गडबडीत हार घालून टाकला. भटजी हात नाचवून ओरडत होते, "अरे, अजून मंगलाष्टकं बाकी हायेत! उरलेली कोणाच्या डोक्यावर म्हणू?" पण आम्ही कसले ऐकतो!

त्या जोडप्याला आता नातवंडं आहेत. भांडण झालं की बाई अजून नवऱ्याला सुनावते, "आपलं लग्न अर्धंच लागलं हाये, जास्त बोलू नका!"

* * *

रहमत चाचांची घोडी बिजली. बॉम्ब फुटला की दोन पायांवर उभी व्हायची, अन् नवरदेव मुंडावळ्यांसकट मागं लोंबायचा. मास्तरला दया आली, नवरदेवाची नाही, घोडीची! म्हणाले, "तिले बी कान हायेत ना चाचा?" अन् कल्पनाकडून तिच्या मापाचे दोन बोळे करवून आणले.

काय सांगू! पायाखाली फटाक्यांची लड फुटली तरी बिजली शांत. नवरदेवाचा मामा खूश, चाचा खूश. फक्त एक गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही. ती घोडी थांबायची चाचांच्या हाळीवर. मंडप आला, चाचा लगाम सोडून पाणी प्यायला वळले अन् नेहमीप्रमाणे ओरडले, "रुक जा बिजली!"

बिजली नाही थांबली. दिवसभराची दमलेली, मंडपासमोरून निघाली ती सरळ आपल्या तबेल्यात! नवरदेवही वर. उतरता येईना बिचाऱ्याला. अर्धी वरात धावत मागं, अन् आम्ही वाजवतच! कोणी थांबा म्हणालं असेल तर ते आम्हाला काय कळणार?

नवरदेवाचा बाप मास्तरच्या अंगावर धावून आला. मास्तरनं बोळा काढून सगळं ऐकून घेतलं अन् थंडपणे विचारलं, "घोडीचा कान वाचला ना? मंग!"

* * *

मग एका गुरुजींनी मास्तरला मोटारसायकलचं हेल्मेट दिलं. बोळे अन् वरून हेल्मेट, डबल बंदोबस्त! पण काळं हेल्मेट वरातीत अपशकुनी दिसतं म्हणून वरपक्षाच्या एका आत्याबाईनं त्यावर मोगऱ्याच्या माळा गुंडाळल्या. क्लॅरिनेट काही आत जाईना, म्हणून मास्तर त्या दिवशी नुसते हातवारे करत सगळ्यांच्या पुढं चालले.

मंडपाच्या दारात नवरीकडच्या बाया ताट घेऊन उभ्या. समोर फुलांनी झाकलेलं तोंड अन् मागं बँड. त्यांनी केलं सुरू! पायांवर पाणी घातलं, हेल्मेटवर कुंकू लावलं, ओवाळलं, पेढाही भरवायला गेल्या. तो काचेवर आपटला.

"मास्तर, तुम्ही बोलले काहून नाई?" मी मग विचारलं.

"इतक्या वर्षांत बँडवाल्याले एवढा मान पहिल्यांदा भेटून राहिला होता," मास्तर म्हणाले. "मी कायले नाई म्हणू?"

* * *

अन् मग कल्पनाचंच लग्न जुळलं. रामाकोना गावचा विजय, पोरगा सोन्यासारखा. पण त्याचे वडील नामदेवराव म्हणजे बॉम्बचे शौकीन! दिवाळीत त्यांच्या गल्लीतली कुत्री दुसऱ्या गावाला जायची.

साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, बायांनी पोरा-पोरीला म्हटलं, "काही विचारायचं असन तर विचारा." सगळ्या पोरी मान खाली घालतात. कल्पनानं मान वर केली, "तुमच्या वरातीत बॉम्ब राहतीन का?"

विजय काही बोलायच्या आत नामदेवराव गरजले, "म्हणजे काय! पोतंभर राहतीन! आवाज नाई तर ते वरात हाये का मयत?"

पोरीचा बाप काय बोलणार? मास्तर हात जोडून म्हणाले, "जशी तुमची इच्छा." माझ्या अंगाची आग झाली. त्याच मास्तरनं जामसांवलीच्या मारुतीला नवस बोलला होता, उजवा कान राहिला तर पोरीच्या लग्नानंतर पायी दर्शनाला येईन म्हणून! मी म्हटलं, "मास्तर, त्या दिवशी तुम्ही घरातच बसा." तर म्हणाले, "लेकीची वरात अन् बाप कोठीत लपून बसू का बे?"

त्यातून बँड ठरवायचा वरपक्षानं, अन् नामदेवरावांनी ठरवला आमचाच! म्हणजे मास्तर जन्मात पहिल्यांदा आमच्यासमोर मंडपाच्या दारात, अन् आम्ही त्यांच्याशिवाय. रडू येत होतं हो वाजवताना!

वरात निघाली तेव्हा ऊन उतरलं होतं. आम्ही बोळे घालून तयार. नामदेवरावांनी अगरबत्ती पेटवली अन् बॉम्बचं पोतं शोधायला लागले. पोतं कुठं? वर पाहतात तर नवरदेवाच्या मांडीवर! बिजलीवर बसून विजयनं दोन्ही हातांनी पोतं कवटाळलेलं, त्यावर मुंडावळ्या लोंबताहेत.

"दे ना बे, एक तरी दे!" नामदेवराव अगरबत्ती घेऊन धावले.

"आबा, जवळ येऊ नका!" विजय ओरडला. "अगरबत्ती पेटलेली हाये अन् पोतं माह्या मांडीवर हाये!"

रहमत चाचा घोडीच्या पुढं आडवे झाले, "साहब, मेरी बिजली का तो सोचो!"

मग सबंध रस्ताभर पुढं नवरदेव पोतं धरून अन् मागं बाप अगरबत्ती धरून! जवळ यायची हिंमत नाही अन् विझवायची इच्छा नाही. अशी वरात मी पुन्हा पाहिली नाही. आम्ही हसून हसून वाजवत होतो. बॉम्ब फुटणार नाही हे कळलं तसे आमचे बोळे खिशात गेले. कोणाचा सूर कुठं चालला, कोणाला भान होतं?

मंडपाच्या दारात मास्तर उभे. कानांत बोळे, वरून शेला घट्ट बांधलेला. त्यांना काय दिसलं, तर बॉम्बचं पोतं अन् पेटलेली अगरबत्ती एकमेकांसोबत येत आहेत! मास्तरनं डोळे गच्च मिटले, दोन्ही हात कानांवर दाबले अन् तसेच उभे राहिले. बाया ओवाळायचं विसरल्या.

तेवढ्यात हळदीच्या अंगानं नवरीच बाहेर आली. काक्या मागून ओढताहेत, "अवं, आत चाल, नवरी दारात येत नसते!" तिनं ऐकलं नाही. बापाचे हात खाली घेतले, शेला सोडला अन् उजव्या कानातला बोळा स्वतःच्या हातानं काढला.

मास्तरनं डोळे उघडले. मान तिरकी करून ऐकू लागले. आपला बँड समोरून त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. डोळ्यांत पाणी भरून आलं, आमच्याही आलं. विजय पोतं घेऊन घोडीवरून उतरला, व्याही गळाभेटीला हात पसरून पुढं झाले.

मास्तर जावयाला ओलांडून, व्याह्याला बाजूला सारून, तरातरा सरळ माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"प्रल्हाद! कवापासून बेसूर वाजवून राहिला बे तू?"