टिकल्यांचा कीबोर्ड

गेल्या वर्षी इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात माझा लेख आला. नाव माझं, पण लेख अर्धा लेकाचा! मी हाताने लिहून त्याच्याकडे टाइप करायला दिला, आणि त्याने माझे डबेच गाळले. हो, डबे. हे आजारी पडले तेव्हा दीड वर्ष मी इथे बालीगंजच्या आमच्या दोन खोल्यांतून बँकेतल्या एकट्या मराठी पोरांना जेवणाचे डबे पुरवले. स्वतः नेऊन पोचवले. यात लाजायचं काय, तुम्हीच सांगा.

"अगं आई, मंडळात माझे साहेब येतात."

"मग विचार साहेबांना, माझ्या हातची आमटी विसरले का ते!"

मी म्हटलं, यंदा मीच टाइप करणार.

त्याचा जुना टॅबलेट कपाटात पडून होता, कीबोर्डचं कव्हर आणि पेनासकट. घेतला ताब्यात. वस्तू गुणाची, बरं का. अक्षर हवं तेवढं मोठं होतं, खाडाखोड दिसत नाही, गॅलरीत नेता येतो. पण खोडीही कमी नाहीत. उन्हात काच आरशासारखी, लेख सोडून आपलंच तोंड दिसतं. पेनाने लिहावं तर बांगडी टेकते नि भलतीच रेघ उठते. "बांगड्या काढ ना," लेक म्हणाला. मी पेन काढून ठेवलं! आणि ते कीबोर्डचं कव्हर टॅबलेटला नुसतं लोहचुंबकाने धरलेलं. मी उठले की टॅबलेट सुटून खाली. दोनदा आपटला.

कीबोर्डवर अक्षरं सगळी इंग्रजी. कागदाचे तुकडे चिकटवले, ते इथल्या दमट हवेत दोन दिवसांत गळले. मग आठवलं, घामातही काय टिकतं? टिकली! मोठ्या मरून टिकल्यांवर व्हाइटनरने अक्षरं काढली आणि ओळीने लावली, क, ख, ग, घ. क दाबला तर उमटलं भलतंच. लेक पोट धरून हसला. "आई, ही काय तुझी पाटी आहे?"

शाळा माझी सातवीत सुटली, पण हट्ट नाही सुटला. सगळ्या टिकल्या उपटल्या. एकेक बटण दाबायचं, काय उमटतं ते बघायचं, तीच टिकली तिथे लावायची. तीन आठवडे लागले लेखाला.

परवा सगळं मांडीवर घेऊन लेक वाचायला बसला. डब्यांपाशी थांबला.

"आई, हे परत?"

त्याचं बोट खोडायच्या बटणाकडे निघालं. मी टॅबलेट वरच्या वर ओढला. सुटला अलगद! ज्या खोडीला महिनाभर शिव्या घातल्या, तीच कामाला आली. टिकल्यांचा कीबोर्ड राहिला त्याच्या मांडीवर. मी तिथेच उभी राहून लेख पाठवून दिला. पाठवायचं बटण काचेवरच असतं, त्याला टिकली लागत नाही.