हिवराज आचाऱ्याचा डावा गाल

हिवराज भाऊजी माझे धाकटे दीर. नागभीडच्या आजूबाजूला कुठं लग्न ठरलं की लोक आधी त्यांची तारीख धरत, मग मंडपवाल्याकडं जात. चारशे पानांची वांगं-आलूची भाजी ते मुठीच्या अंदाजानं करत. भाजीचा गंज चुलीवरून उतरवायच्या आधी चाटूवरचा रस्सा तळहातावर घेऊन एकदा चाखत, मान हलवत, की गालात पुन्हा सुपारी-तंबाखू-चुन्याचा खर्रा. सकाळी डोळे उघडल्यापासून डाव्या गालात तो असायचाच. झोपेतसुद्धा. त्यांची बायको रेवता उशीच्या खोळी वेगळ्या भिजवायची, त्यावरून आम्ही जावा-जावा हसायचो. आता त्या हसण्याची लाज वाटते.

मार्गशीर्षात एका लग्नात त्यांची भाजी सपक झाली. पंगतीत नवरीचा मामा सगळ्यांदेखत म्हणाला, "काय बा आचारी, आमचे पाहुणे बाळंतीण आहेत काय?" लोक खदखदून हसले. भाऊजी घरी आले ते तिखटाच्या नावानं बोटं मोडत. "भिवापुरी म्हणून काय देऊन राहिले देव जाणे. चाखलं तर जिभेले आग लागली, वहिनी. म्हणून हात आखडला मी." पुढच्या दोन लग्नांतही तेच झालं. हिवराजच्या हाताची चव गेली, असं लोक उघड बोलू लागले.

माघात आमच्या देवळात सप्ताह बसला. काल्याच्या महाप्रसादाचा स्वयंपाक दरवर्षी त्यांच्याकडंच असतो. नैवेद्याचा स्वयंपाक चाखायचा नसतो, आणि तोंडात उष्टं ठेवून करायचाही नसतो. पहाटे आंघोळ करून, चूळ भरून ते चुलीपुढं उभे राहिले, ते दुपारी आरती होईपर्यंत खर्ऱ्याशिवाय. तिखट मुठीनं टाकलं आणि झाकण ठेवलं.

पंगती उठल्या तेव्हा म्हातारी माणसं पत्रावळीवरचा रस्सा बोटानं निपटून खात होती. "हिवराज, आला बे तुझा हात जागेवर," कुणीतरी ओरडलं. सगळ्यात शेवटी आम्ही घरचे बसलो. भाऊजींनी पहिला घास घेतला आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तांब्याभर पाणी घटाघटा पिऊन ते म्हणाले, "वरून कोणं टाकलं तिखट?"

कुणीच टाकलं नव्हतं. मी त्याच गंजातली भाजी खात होते आणि ती अगदी बेताची होती. रेवतानं माझ्याकडं बघितलं. मग आम्ही दोघींनी त्यांच्याकडं बघितलं. बुंदीचा लाडू ते कुस्करून, एकेक दाणा करून तोंडात घालत होते. असं ते किती दिवसांपासून करत असतील? मी रोज वाढत होते आणि मला दिसलं नव्हतं. माझा घास हातातच राहिला.

तालुक्याच्या दवाखान्यात दातांच्या डॉक्टरीणबाई आहेत, त्यांच्याकडं भाऊजींना नेलं. त्यांनी सांगितलं, तीन बोटं उभी धरून तोंडात घाला. भाऊजींची दोन गेली, तीही ओठ ताणून. डॉक्टरीणबाईंनी गालाच्या आत बॅटरी मारली. डाव्या बाजूला पांढरा चट्टा होता.

"थो काही नाही, मॅडम," भाऊजी म्हणाले. "चुन्यानं भाजलं. मी आता चुना कमी सांगतो. अन् दोन महिन्यांपासून उजवीकडंच ठेवतो."

बाईंनी बॅटरी बंद केली. "भाऊ, हा चुना नाही. आणि तुमचा उजवा गालही आता कडक होऊ लागलाय."

चट्ट्याचा बारीक तुकडा काढून त्यांनी नागपूरला पाठवला. ते आठ दिवस कसे गेले ते सांगता येत नाही. मी जपाला बसायचे आणि माळ मध्येच थांबायची. कुठवर आले होते तेच आठवायचं नाही. भाऊजींनी मात्र खर्रा दुप्पट केला. मी रागावले तर म्हणाले, "भेव वाटते म्हणूनच तर लागते, वहिनी. तोंडात असला का थोडा वेळ विसरतो."

रेवतानं पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला सांगितली. मी तिचा हात धरला. तशी शपथ त्यांनी आधी एकदा घेतली होती आणि चौथ्या दिवशी मोडली होती. त्या वर्षी पोरीला साधा ताप आला तरी रेवता रात्रभर तिच्या अंगावर हात ठेवून बसायची.

तपासणीचा कागद आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आज कॅन्सर नाही." त्यांनी 'आज' वर जोर दिला नव्हता, तरी मला तेवढंच ऐकू आलं. "खर्रा सोडलात तर तोंड आखडणं इथंच थांबेल कदाचित. पहिल्यासारखं उघडणार नाही. चट्टा मी दर महिन्याला बघणार. बदलला तर नागपूर."

बाहेर आल्याबरोबर भाऊजींनी खिशातली खर्ऱ्याची पन्नी उघडली. "आज तं नाही म्हणल्या ना," ते म्हणाले. रेवता चालायची थांबली.

त्याच आठवड्यात आम्ही तिघं यादवला भेटायला गेलो. यादवनं आणि भाऊजींनी पंधरा वर्षं एका चुलीवर काम केलेलं. भादव्यात नागपूरला त्याचा अर्धा जबडा काढला. बोलता येत नाही, नाकातून नळी आहे, तिच्यातून पेज घालतात. तो खाटेवर बसला होता, तोंडावर दुपट्टा. भाऊजी त्याच्याजवळ बसून लग्नांच्या गोष्टी सांगू लागले. नवरीच्या मामाची गोष्ट सांगितली तेव्हा यादवचे डोळे हसले.

मग ते डोळे भाऊजींच्या खिशावर गेले. यादवनं डाव्या तळहातावर उजवा अंगठा घासला. एकदा, दोनदा.

मला आधी कळलं नाही. त्याची बायको कोपऱ्यातूनच म्हणाली, "खर्रा मागते. नुसता वास घेते. नाही देला का नळी ओढते."

भाऊजींनी पन्नी काढून दिली. यादवनं ती उघडून नाकाशी धरली, नळीच्या शेजारी, आणि डोळे मिटले. दुपट्ट्याखाली त्याचा गळा वरखाली झाला. काहीच न गिळता तो गिळत होता. बराच वेळ. भाऊजी बघत राहिले. आम्ही निघालो तरी पन्नी त्याच्या मुठीतच होती.

परतीच्या ऑटोत ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "मी तुमाले कधी सांगतलं नाही, वहिनी. मले वाटे, तोंड पुरतं बंद झालं का आपोआप सुटंन. मंग काहून आतापासून तरास घ्या? यादवचं तं तोंडच नाही उरलं अन् तल्लफ बसलीच आहे. मेल्यावर तरी सोडंन काय थे?"

एवढ्या वर्षांत इतकं घाबरलेलं माणूस मी बघितलं नव्हतं. मी रोज रात्री वहीत चार ओळी लिहिते; त्या दिवशीच्या पानावर फक्त तारीख आहे.

त्या संध्याकाळी त्यांनी दुसरा खर्रा आणला नाही. शपथ नाही, नारळ नाही. पाचव्या दिवशी मीठ कमी म्हणून त्यांनी ताट भिरकावलं आणि मग स्वतःच भात वेचत बसले. पानठेला चुकवायला बांधाबांधानं बाजारात जात. गालात बडीसोप ठेवत, ती थुंकून टाकत, पुन्हा ठेवत. मी देवापुढं त्यांचं तोंड उघडावं म्हणून मागितलं नाही. तेवढं मागायचा धीर झाला नाही. चट्टा आहे तसा राहू दे, एवढंच मागत होते.

महिना भरला. डॉक्टरीणबाईंनी बॅटरी मारली आणि खूप वेळ बघितलं. रेवताची नखं माझ्या मनगटात रुतली होती.

"तसाच आहे," बाई म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात या."

बाहेर पायऱ्यांवर भाऊजींनी विचारलं, "तसाच म्हंजे चांगलं ना?"

"चांगलंच," मी म्हटलं. रेवतानं पदर तोंडाशी धरला.

फाटकाबाहेर पानठेला होता. पोऱ्या नव्हे, चांगला पन्नाशीचा गडी पन्नीवर खर्रा घोटत होता. त्याचा तो घस्स घस्स आवाज आमच्यापर्यंत येत होता. भाऊजी पायरीवरच उभे राहिले. कपाळावर घाम आला होता. दुसरा रस्ता नव्हता.

"वहिनी, तुम्ही या बाजूनं चाला," ते हळूच म्हणाले. "रेवते, तू त्या बाजूनं. अन् काही तरी बोलत राहा दोघी, मले ऐकू नोको येऊ द्या."

आम्ही त्यांना मध्ये घेतलं. रेवता वांग्याच्या भावाबद्दल मोठ्यानं बोलू लागली, मी हो हो करत राहिले, आणि त्यांचा दंड माझ्या हाताखाली फाटकापासून मोटारस्टँडपर्यंत कापत होता.