कुत्र्याच्या गळ्यातलं लोढणं

कुरकुंभच्या बाजूला एका बंद पडलेल्या कंपनीच्या आवारात तो साखळीला होता. मी भंगारातली पाण्याची मोटर बघायला गेलो होतो. कंपनीवाल्यांनी गाशा गुंडाळताना मशिनं नेली, पंखे नेले, कुत्रा तेवढा ठेवला. राहिलेला एकटा वॉचमन बिहारचा. तो आपल्या डब्यातलं अर्धं त्याला टाकायचा, पण तोही आता गावी निघाला होता. "ले जाओ साहब, नहीं तो मर जाएगा," म्हणाला. मला कुणी साहेब म्हटलं की मी पाघळतो. मोटर राहिली तिथंच आणि टेम्पोत कुत्रा घालून मी न्हावऱ्याला घरी आलो.

अंगानं वासराएवढा, पण त्याला काही म्हणजे काही येत नव्हतं. साखळी पुरेल तेवढंच जग त्यानं पाहिलेलं. सोडला की उधळायचा, कोंबड्यांमागं, मोटारसायकलींमागं, उडत्या कागदामागंसुद्धा. मी हाक मारली की कान हलवायचा आणि नेमका उलट्या बाजूला पळायचा. मी ओरडायचो, तो आणखी लांब जायचा.

"आवं, वरडून कोण शानं झालंय का? तुमी तरी झालाय का?" बायको म्हणायची. ती धार काढायला बसली की तो चार हातांवर येऊन गुमान बसे. ती भाकरी कुस्करून पुढं सरकवायची, हात लावायची नाही, बोलायचीही नाही. महिनाभरात तिच्या मागं मागं फिरायला लागला. आणला मी आणि झाला तिचा, हे मला खुपत होतं. आज कबूल करायला हरकत नाही.

एका सकाळी शेजारच्या मळ्यातले आप्पा डेअरीला दूध घेऊन चालले होते. हा आडवा गेला आणि ते गाडीसकट पडले. दोन्ही कॅन रस्त्यावर पालथे, कोपर सोलवटलेलं. मी हाका मारत होतो आणि हा सांडलेलं दूध चाटत होता. जमलेली माणसं हसली. आप्पा मात्र शांतपणे म्हणाले, "आरं, लोढणं घाल गळ्यात. दोन दिसांत सरळ हुतंय बघ."

आमच्याकडं नाठाळ गुराच्या गळ्यात लाकडाचा ओंडका टांगतात. पळायला गेलं की तो पुढच्या पायांवर आपटतो, मग जनावर आपोआप हळू चालतं. गुरांना आम्ही पिढ्यान् पिढ्या घालत आलो, कुत्र्याला घालू नये असं माझ्या डोक्यातही आलं नाही. त्याच दुपारी बाभळीचा ओंडका तोडला, भोक पाडलं, साखळीत ओवला.

"कुत्रं हाय ते, गाय न्हाई," बायको म्हणाली. "ऊसतोड चालू हाय, बिबट्या उसातनं भायेर पडलाय. ह्याला पळता तरी आलं पायजे."

"एवढ्या धुडाच्या वाटंला कोण जातंय?" मी म्हणालो. वस्तीवरची दोन कुत्री त्याच हंगामात गेली होती आणि हे मला माहीत होतं. पण मला लोकांचं हसू गिळवत नव्हतं.

चौथ्या दिवशी, दिवस मावळायच्या बेताला, तो ओंडका खडखडवत तोड झालेल्या रानात गेला. पलीकडं उसाचा एकच पट्टा उभा होता. त्याच्या कडेला पाचट हललं आणि मला ठिपके दिसले. "यू, यू!" मी जीव तोडून ओरडलो.

त्यानं मान वळवली. माझ्याकडं बघितलं. आणि आला. माझ्या हाकेला तो पहिल्यांदाच आला, सरळ माझ्या रोखानं, ओंडका गुडघ्यांवर आपटत असताना. मधल्या सरीत उसाच्या बुडख्यांत तो ओंडका अडकला. त्यानं ओढून बघितलं, मागं सरून बघितलं. मी फावडं घेऊन पळत होतो. मी बांध ओलांडेपर्यंत बिबट्यानं त्याची मान धरली होती. माझ्या आरड्यानं त्यानं सोडलं, पण तोवर सगळं संपलं होतं.

सकाळी वनखात्याचा माणूस ठसे बघायला आला. त्यानं ओंडका हातात घेऊन वजन बघितलं. "हे कुणी घातलं?"

आप्पा जमिनीकडं बघत होते. मी म्हणालो, "कंपनीतनंच घालून आला होता. निघंना."

"काय माणसं असतात," तो म्हणाला. "तुम्ही निदान सांभाळलात तरी."

बायको पाण्याचा तांब्या घेऊन शेजारीच उभी होती. तिनं तांब्या त्याच्या हातात दिला आणि गोठ्यात निघून गेली. त्याला आता वर्ष होत आलं. ती जेवायला वाढते, बाजाराची यादी सांगते, सगळं बोलते. कुत्र्याचं नाव मात्र काढत नाही. तिनं एकदा मला तोंडावर शिव्या घालाव्यात, एवढ्याचीच वाट मी बघतोय.